भिजत घोंगडं आणि भिजवलेला राजमा

प्रबंधाची फाइल उघडली की मला हमखास भूक लागायची. तीही साधीसुधी नाही, तासभर मंद आचेवर काहीतरी रटरटत ठेवल्याशिवाय न भागणारी. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझं दुसरं प्रकरण सहा महिने अकरा पानांवर अडकून होतं आणि त्याच सहा महिन्यांत माझं टोमॅटोचं सूप इतकं सुधारलं की मैत्रिणी जेवायची वेळ साधून यायला लागल्या. गाइडची मेल आली, ‘मसुदा कधी?’ मी ‘शुक्रवारी देते’ असं कळवलं आणि बटाटे उकडायला टाकले.

प्रबंध पुढे पूर्ण झाला. स्वयंपाक मात्र सोडला नाही. अभ्यास टाळून तुम्हीही ओट्याशी जात असाल तर ‘जाऊ नका’ असं मी सांगणार नाही, कारण तुम्ही जाणारच. कुठला पदार्थ घेऊन पळायचं, किती वेळ पळायचं आणि खुर्चीत परत कसं यायचं, एवढंच सांगते.

ओट्याकडेच पाय का वळतात

टाळायलाच मोबाइल आहे, झोप आहे. पण मोबाइल बघताना मन खातं, कांदा चिरताना खात नाही. जेवायला तर लागतंच ना! शिवाय प्रबंधात जे मिळत नाही ते सगळं पातेल्यात मिळतं. पुढची कृती ठरलेली असते. काही चुकलं तर दोन मिनिटांत वास येतो. प्रकरणातली चूक कळायला दोन महिने जातात. आणि सूप कधीतरी होतं, ‘झालं’ म्हणून गॅस बंद करता येतो.

पियर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये चालढकलीवरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून तपासले. काम जितकं नकोसं आणि त्याचं फळ जितकं लांब, तितकं ते पुढे ढकललं जातं, असं त्यात दिसतं. प्रबंध या दोन्ही कसोट्यांवर पहिला नंबर काढतो. ‘मला सगळं अगदी अचूक लागतं, म्हणून उशीर होतो’ या कारणाला मात्र त्या आकड्यांनी फारसा आधार दिला नाही. हे वाचून मला रागच आला होता, कारण माझं सगळ्यात लाडकं कारण तेच होतं.

२०१३ मध्ये फुशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल यांनी मांडलं की चालढकल ही त्या घडीचा मूड सावरण्याची धडपड असते आणि तिचा भुर्दंड उद्याच्या आपल्याला बसतो. गरम वाटी हातात आली की जीव थाऱ्यावर येतो, तो असा. म्हणूनच भिंतीवर रंगीत वेळापत्रक चिकटवून ही सवय जात नाही. माझ्या भिंतीवर तीन होती.

पहिली पायरी : ‘शिळं खाशील का?’

ओट्याशी पोचलात की स्वतःला हा एकच प्रश्न विचारा. कालचं उरलेलं गरम करून किंवा ब्रेडचे दोन तुकडे खाऊन चालणार असेल, तर भूक खरी आहे. खा आणि मोकळे व्हा. अंडं उकळत्या पाण्यात सोडल्यापासून सात मिनिटांत मऊ आणि अकरा मिनिटांत घट्ट होतं; खऱ्या भुकेला इतका वेळ पुरे. पण ‘छे, आज काहीतरी नीट करूनच खाऊ’ असं उत्तर आलं, तर पोट भरलेलं आहे आणि रिकामं पान डोळ्यांपुढे नको आहे.

त्यात लाज वाटून घेऊ नका. मायकल वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी टंगळमंगळ केली. स्वतःला शिव्या घालत सोललेला बटाटा काही लवकर शिजत नाही.

दुसरी पायरी : गॅस पेटवण्याआधी एक वाक्य

आपण कशापासून पळतोय ते एका कागदावर लिहा आणि तो ओट्यावरच, डोळ्यांसमोर ठेवा. ‘दुसरं प्रकरण’ असं लिहिलंत तर ते चालणार नाही. ते ‘स्वयंपाक’ असं लिहिण्यासारखं झालं. कोणी पाककृतीत पहिली ओळ ‘स्वयंपाक करा’ अशी लिहीत नाही. तिथे ‘दोन कांदे बारीक चिरा’ असं असतं. तसंच लिहा. ‘सर्वेक्षणाच्या तिन्ही पेपरांमध्ये नमुना किती जणांचा होता, ते एका तक्त्यात भरायचं.’ ‘चौथ्या परिच्छेदात जो दावा केलाय त्याला संदर्भ शोधायचा, नाही सापडला तर दावा काढायचा.’

वाक्य लिहिताना हात अडखळला तर तीही माहितीच आहे. माझी अकरा पानं सहा महिने का हलली नाहीत, ते मला असंच कळलं. मी लिहायला गेले, ‘दोन सिद्धांतांची तुलना करायची’, आणि लक्षात आलं की त्यातला दुसरा सिद्धांत मला समजलेलाच नाही. समजलेला नाही हे गाइडना सांगायला लाज वाटत होती. सहा महिन्यांचं सूप त्या लाजेवर शिजत होतं. म्हणून त्या दिवशीचं वाक्य निराळं निघालं : ‘त्या सिद्धांतावरचा सगळ्यात सोपा लेख शोधून पहिली पाच पानं वाचायची.’

तिसरी पायरी : हाताचा वेळ आणि आचेचा वेळ

प्रत्येक पदार्थाला दोन वेळा असतात. तुमचे हात त्यात गुंतलेले असतात तो हाताचा वेळ. तुम्ही बाजूला झालात तरी पदार्थ आपला आपण होत राहतो, तो आचेचा वेळ. पळून जाणाऱ्याला हाताचा वेळ हवाहवासा वाटतो, तिथेच घात होतो. लाटायचं, भरायचं, एकेक करून तळायचं असं काही निवडलंत की दुपार संपली म्हणून समजा. असे पदार्थ सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

कामाच्या दिवशी हाताचा वेळ पंधरा मिनिटांच्या आत आणि आचेचा तासाच्या आसपास असलेलं काही निवडा. बटाटे धुऊन, काट्याने टोचून, तेल-मीठ चोळून २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवले की हात पाच मिनिटांत मोकळे आणि बटाटे साधारण तासाभराने तयार. एक वाटी तांदळाला आठ वाट्या पाणी घालून मंद आचेवर तासभर ठेवलं की चमच्याने खावा असा पातळसर मऊ भात होतो. तळ धरू नये म्हणून शेवटची दहा मिनिटं मात्र त्याच्याशी उभं राहावं लागतं. आणि तिसरा राजमा किंवा कुठलीही वाळवलेली घेवड्याची बी, माझ्या मते या कामाला सगळ्यात लायक.

चौथी पायरी : राजम्याची सकाळ

राजमा आयत्या वेळी करता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. आदल्या रात्री ठरवावं लागतं. भिजत पडलेलं घोंगडं आणि भिजत घातलेला राजमा यांत हाच फरक आहे : राजम्याला सकाळी कोणीतरी बाहेर काढणार असतं. म्हणून दुसऱ्या पायरीतलं वाक्यही रात्रीच लिहा आणि कागद भांड्याखाली सरकवून झोपा.

दोन वाट्या राजमा निवडून, धुऊन, सात-आठ वाट्या पाण्यात एक चमचा मीठ घालून आठ-दहा तास भिजवा. मिठाच्या पाण्यात सालं मऊ पडतात आणि शिजताना कमी फाटतात. हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते पाणी टाकून द्या, दाणे पुन्हा धुवा आणि दाण्यांच्या वर तीन बोटं येईल इतकं ताजं पाणी घाला.

आता मोठ्या आचेवर खळखळून उकळी येऊ द्या आणि उकळी आल्यापासून निदान दहा मिनिटं ती तशीच राहू द्या. इथे घाई नको. लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक बाधणारं प्रथिन असतं. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर काही तासांत उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात. नुसत्या कोमट आचेवर, मंद शिजवणाऱ्या इलेक्ट्रिक भांड्यात थेट कच्चा राजमा टाकला तर हे लेक्टिन नष्ट होत नाही. त्याला खरी उकळीच लागते. या दहा मिनिटांत मी ओट्याशीच उभी राहून कागदावरचं वाक्य वाचते. दुसरं काही करत नाही.

मग आच बारीक करा, झाकण अर्धवट सरकवून ठेवा, पंचवीस मिनिटांचा गजर लावा आणि घड्याळ घेऊन टेबलाशी जा.

पंचवीसच का? १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं, पीळ देऊन लावायचं घड्याळ उचललं आणि तेवढा वेळ तरी बसायचं ठरवलं. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी अशी जी पोमोदोरो पद्धत आज जगभर विद्यार्थी वापरतात, तिचं नाव तिथून आलं. म्हणजे अभ्यासाचं सगळ्यात गाजलेलं उपकरण मुळात ओट्यावरचंच आहे; तुम्ही फक्त ते टेबलापर्यंत नेताय.

पहिल्या घंटेला उठून फक्त पाणी बघा. दाणे उघडे पडले असतील तर उकळतं पाणी घाला आणि परत या. फ्रिज उघडायचा नाही, ओटा पुसायचा नाही. दुसऱ्या घंटेला एक दाणा बोटांत धरून दाबा. बहुधा मध्ये टणक लागेल. तिसऱ्या घंटेपर्यंत, म्हणजे साधारण दीड तासाने, दाणा जिभेने टाळूवर दाबला तरी मोडायला हवा. तो तसा मोडल्याशिवाय टोमॅटो घालू नका. आंबटात दाण्यांचं मऊ होणं मंदावतं. मग तासन्‌तास उकळलात तरी ते हटून बसतात. दाणे मऊ झाल्यावर दुसऱ्या भांड्यात तेलावर कांदा-लसूण परता, टोमॅटो घाला, ते गळाले की राजमा त्याच्या पाण्यासकट ओता आणि वीस मिनिटं उकळू द्या. मीठ, मिरपूड चाखून.

कुकरमध्ये हे सगळं कितीतरी लवकर होतं, माहीत आहे. पण मला लवकर नकोच असतं. उघडं पातेलं दर पंचवीस मिनिटांनी हाक मारतं, आणि एरवी जी हाक मला टेबलावरून उठवायची, तीच इथे दुसऱ्या मिनिटाला परत पाठवते.

घंटा वाजली की वाक्य अर्धवट असेल तसंच सोडून उठा. पूर्णविराम दिलेल्या पानाशी परत बसताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘या दोन्ही अभ्यासांमध्ये वयोगट वेगळा असल्यामुळे’ एवढंच लिहिलेलं असलं तर आल्यावर हात आपोआप पुढे जातो.

आणि एक ताकीद. पातेलं चुलीवर असताना घराबाहेर जायचं नाही आणि घड्याळ ओट्यावर ठेवून दुसऱ्या खोलीत बसायचं नाही. माझा राजमा एकदाच करपला, आणि तो काम टाळत असताना नाही. ज्या दिवशी तो दुसरा सिद्धांत अखेर उलगडला, त्या दिवशी मी दोन तास मान वर केली नाही. घड्याळ स्वयंपाकघरात वाजून वाजून गप्प झालं होतं. तळाशी काळा थर, खोलीत धूर, आणि वहीत सलग साडेतीन पानं. पातेलं रात्रभर भिजवूनही निघालं नाही. ते अजून आहे, त्यात आता मी झाडाला पाणी घालते.

डोकं चालतच नाही त्या दिवशी : कांदा

काही दिवस असे येतात की पंचवीस मिनिटं बसणंही जमत नाही. त्या दिवशी हाताचा वेळ मुद्दाम मोठा घ्या, पण हात गुंतलेले आणि तोंड मोकळं राहील असं बघा. चार मोठे कांदे उभे पातळ चिरून, दोन चमचे तेलावर, जाड बुडाच्या भांड्यात मध्यम-मंद आचेवर टाका. पहिली दहा मिनिटं ते नुसतं पाणी सोडतात, ढीग निम्म्यावर येतो. मग काचेसारखे पारदर्शक होतात. पंचविसाव्या मिनिटाला कडेचे एक-दोन तुकडे पिवळसर दिसतात आणि आता झालंच असं वाटतं. झालेलं नसतं. तळाला तपकिरी चिकटा धरायला लागला की चमचाभर पाणी शिंपडून तो खरवडायचा. सगळी चव त्याच्यात असते. पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी कांदा गडद, गोड आणि मुरांब्यासारखा होतो. त्यात गरम पाणी आणि मीठ-मिरपूड घातली की सूप तयार.

पाककृतींत ‘दहा मिनिटं परता’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. प्रबंधाचं नियोजनही असंच असतं. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी १९९४ मध्ये छापलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं होतं की ऑनर्सचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध किती दिवसांत संपेल. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला, लागले साडेपंचावन्न. ‘सगळं बिघडलं तर किती लागतील?’ याचं उत्तर होतं सरासरी साधारण ४९ दिवस. म्हणजे बिघडण्याचा अंदाजही कमीच पडला. मी तेव्हापासून गाइडना तारीख सांगताना मनातल्या आकड्याची पावणेदोन पट करते. सांगताना तोंड वाकडं होतं, पण ती तारीख टिकते.

कांदा ढवळताना फोनवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि आपलं प्रकरण कशाबद्दल आहे ते मोठ्याने सांगा, अभ्यासातलं काही न कळणाऱ्या माणसाला सांगावं तसं. लिहिताना जीभ जड होते, ढवळताना होत नाही. कांदा संपेपर्यंत बोलणं फार तर आठ मिनिटांचं भरतं, पण त्यात एक तरी वाक्य असं निघतं जे पानावर जसंच्या तसं जातं.

जॉन पेरी या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकांचा चालढकलीवर एक मजेशीर सिद्धांत आहे. त्यांनी तो १९९६ मध्ये लिहिला आणि २०११ मध्ये त्याला साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला दिलं जाणारं गमतीदार पारितोषिक मिळालं. यादीतलं सगळ्यात मोठं काम टाळण्यासाठी माणूस खालची कामं झटाझट उरकतो, तेव्हा चालढकलीलाच कामाला जुंपा, असा त्याचा सारांश. प्राध्यापकांना ते जमत असेल, त्यांची यादी लांब असते. प्रबंध लिहिणाऱ्याच्या यादीत एकच काम असतं, त्यामुळे खालच्या कामांच्या नावाखाली त्याचं घर तेवढं लखलखीत होतं.

पाचवी पायरी : जेवण, उरलेलं, भांडी

जेवायला लॅपटॉपपासून दूर बसा. आधी पूर्ण केलेल्या वाक्यावर बरोबरची खूण करा, मग वाढून घ्या. वाक्य अर्धंच झालं असेल तरी जेवा. उपाशी राहणं ही शिक्षा म्हणून वापरली की तिचाही एक नवा बहाणा तयार होतो.

वाढण्याआधीच उरणाऱ्याचे डबे भरून टाका. दोन वाट्या कोरड्या राजम्याचे चार-पाच वेळचे डबे होतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा, बाकी फ्रीझरमध्ये. भाताच्या बाबतीत आणखी घाई करा. भात बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याने तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पसरट भांड्यात पसरून निववा आणि तासाभरात आत ठेवा. डबे भरण्यातला खरा फायदा उद्या कळतो. फाइल उघडल्यावर पाय ओट्याकडे वळतात, फ्रिज उघडता आणि जेवण तयार असतं. बहाणा आदल्या दिवशीच शिजून झालेला.

भांडी पाण्यात घालून ठेवा. घासायची रात्री.

सहावी पायरी : ती मेल

दर आठवड्याला एका राजम्याच्या सकाळी, शेवटच्या पंचवीस मिनिटांत गाइडना मेल करा. लांबलचक नको, नमनालाच घडाभर तेल जातं. मी पाठवलेली पहिली मेल अशी होती : ‘सर, दुसऱ्या प्रकरणाची चौदा पानं जोडली आहेत. मसुदा अर्धा आहे. दुसरा सिद्धांत मला नीट समजलेला नाही, आठव्या पानावर जिथे अडले तिथे खूण केली आहे. मंगळवारी वीस मिनिटं भेटता येईल का?’ पाठवल्यावर मी उठून गॅसवर काहीच नसताना पातेल्याचं झाकण उघडून बघितलं, इतकी धडधड होत होती. उत्तर तासाभरात आलं : ‘ये. मलाही तो पहिल्यांदा कळला नव्हता.’

मात्र आठवडेच्या आठवडे ही मेल लिहवत नसेल, झोप उडाली असेल, शिजवलेलं खावंसंही वाटत नसेल, तर गोष्ट चालढकलीच्या पुढे गेली आहे. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा आणि गाइडना तेवढंच कळवा. राजमा थांबेल.

दीड तासानंतरही दाणा टणक असेल तर

राजमा जुना असणार. वर्षानुवर्षं डब्यात पडलेले दाणे हट्टी होतात, आणि पाणी फार जड असलं तरी तसंच होतं. पाव चमचा खायचा सोडा घाला, तो दाण्यांना लवकर मऊ करतो. जास्त घालू नका, साबणासारखी चव येते. पाणी पुन्हा तीन बोटं वर आणा, आच बारीक ठेवा आणि घड्याळाला परत पंचवीस मिनिटांचा पीळ द्या. आठव्या पानावरची ती खूण अजून तिथेच आहे.